सासूबाईंच्या डब्याचं झाकण

चहा आधी खाली ठेवा, कारण हे ऐकताना ठसका लागतो. आणि माझी कीव करू नका, मी तिच्या लायकीचा नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. बँकेने मला लखनौला टाकलं होतं, इंदिरा नगरात बिऱ्हाड. पहिल्याच वर्षी कचोऱ्या-कुलचे खाऊन मी पोटाची पार वाट लावून घेतली. महिन्यात दोनदा ताप. तेव्हा सासूबाईंनी सांगलीहून स्टीलच्या डब्यातून विरजण पाठवलं, त्यांच्या आईपासून चालत आलेलं. रोज दुपारी वाटीभर दही, जेवण वेळेवर, बाहेरचं बंद, असा हुकूम.

पोट सुधारलं आणि मी बिघडलो. म्हणजे भाषणं द्यायला लागलो हो. शेजारच्या शुक्लाजींना तर रोज ऐकवायचो, "बाज़ार का दही ज़हर है, ज़हर."

त्या मे महिन्यात सासूबाई आजारी पडल्या आणि सांगलीतलं विरजण नासलं. आता त्यांच्या आईचं दही उरलं फक्त आमच्या फ्रिजमध्ये. माझी बायको सुनीता त्यांना आणायला निघाली.

"अहो, रोज एक चमचा बाजूला काढून दुधाला लावायचं. आई ते घेऊनच परत जाणार आहे. विसराल."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

चौथा दिवस. ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी घरी येऊन सगळ्या दह्याचा भात कालवला, भांडं बोटाने चाटूनपुसून लख्ख केलं, आणि मग आठवलं. सकाळी त्यांची गाडी येणार होती. तीन पिढ्यांचं विरजण मी गिळून बसलो होतो.

शुक्लांकडे मागू? कोणत्या तोंडाने? त्यांना तर रोज ज़हर सांगितलं होतं. शेवटी सासूबाईंचाच डबा उचलला आणि कोपऱ्यावरच्या हलवायाकडे धावलो.

"भैया, ज़रा सा जामन दे दो. और किसी से कहना मत."

"दही ही तो है बाबूजी, कौन सी चोरी है," तो म्हणाला.

घरी येऊन कोमट दुधाला ते विरजण लावलं. दर तासाला डबा कलता करून बघत होतो. लागलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जेवायला बसल्या. पहिला घास दह्याचा. डोळे मिटले.

"जरा गोड वाटतंय," त्या म्हणाल्या.

"इकडचं दूधच गोड, आई."

त्यांनी मान हलवली. "लागलंय मात्र छान. आईची आठवण झाली." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी काय केलं असेल? भाषण सुरू केलं. "आई, बाजारच्या दह्याला ही चव कुठून यायची? या घरात त्याचा थेंबही येत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. सुनीताने दार उघडलं. हलवाई.

"इंदुमती जोशी जी यहीं रहती हैं?"

"मीच. कहिए," सासूबाई आतून म्हणाल्या.

"आपका ढक्कन, माताजी. नाम खुदा है, तो सोचा कॉलनी में मराठी घर और कौन सा है. कल बाबूजी जामन ले गए, ढक्कन दुकान पर ही भूल आए."

भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडची पद्धत कोणी काढली, देव जाणे.

सासूबाईंनी झाकण घेतलं, डब्यावर बसवून बघितलं. नेमकं बसलं. मग ताटातल्या दह्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माझ्या आईचं संपलं?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वर बघवेना.

"संपतंय कसलं," सुनीता म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी वाटीभर शुक्ला भाभींना देऊन ठेवलंय, रोज लावत राहा म्हणून सांगून. यांच्या भरवशावर मी तुझं विरजण ठेवीन होय?"

म्हणजे भिंतीपलीकडे शुक्लाजी रोज आमच्याच घरचं दही खात होते, आणि बाजारचं मी.

सासूबाई गेल्या त्या शुक्लांकडचं विरजण घेऊन. आजही सांगलीला पंगतीत माझ्या पानात दही वाढताना कोणीतरी विचारतंच, "जावईबापू, झाकण आणलंत ना?"