सौद्यातला उस्ताद

मोटारीचे काम मला कुणी शिकवले नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा बोललो याचा हिशेब नाही, आणि गोंदियाच्या मोटार स्टँडवर एकाही माणसाला ते खरे वाटलेले नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. देवरीकडच्या एका जंगल ठेकेदाराने दोन घेतल्या. एक चालली. दुसरी चिचगडच्या रस्त्याला, लाकडाच्या डेपोत पडून राहिली. त्या डेपोत मी ओंडके मोजायच्या कामावर होतो. दोन वर्षे मी ती लॉरी खोलली, पुसली, चुकीची जोडली, पुन्हा खोलली. शेवटी ती साग भरून स्वतःच्या चाकांवर गोंदियाला गेली. मागोमाग मीही गेलो. जंगलात राहून कुणी मला मिस्त्री म्हणणार नव्हते.

देवरीच्या रस्त्यावर एका सेठच्या बसगाड्या चालत. त्याच्याकडे काम मागायला गेलो, तर त्याने माझे नाव विचारले नाही, गावही विचारले नाही.

"किसके हाथ के हो?"

या धंद्यात तोच पहिला सवाल. तू कोणत्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालास?

"किसी के नहीं, सेठजी. खुद सीखा."

"फिर कल ब्रेक नहीं लगा, तो मैं किसका गला पकडूँ?"

"मेरा पकडो."

"तुम्हारा गला मैं पहचानता नहीं."

आणखी तीन मालकांकडे गेलो. तिघांनी तेच विचारले. बंद पडलेली गाडी दाखवा, तुमच्यासमोर चालू करतो, म्हणालो. एकानेही बॉनेटला हात लावू दिला नाही. माझे डोके असे तापले, की शेवटच्याच्या दारातली पान्यांची पेटी मी लाथेने उलटवली. त्या दारात पुन्हा जाण्याची सोय राहिली नाही.

स्टँडवरच्या चहाच्या दुकानात एक म्हातारे मिस्त्री दिवसभर बाकावर बसलेले असत. नजर अधू झाली होती, स्वतः काम फारसे करत नव्हते. पण गावातले निम्मे मिस्त्री त्यांच्या हातचे, म्हणून सगळे त्यांना बडे मिस्त्री म्हणत. मी चहा सांगितला आणि शेजारी बसलो.

"बडे मिस्त्री, सेठला एवढं सांगा, हा पोरगा माझ्या हातचा आहे."

"काऊन सांगू? तुले पाना धरताना बी पाह्यलं नाही मी."

"आता पाहा."

"मले दिसते कुठं बाबू? दरसाल एक पोतं तांदूळ देजो, सांगतो."

मी धानाच्या घरचा. एका पोत्यामागे किती चिखल तुडवावा लागतो ते मला ठाऊक होते. पोत्यावरून त्यांना अर्ध्यावर आणले, अर्ध्यावरून दिवाळीच्या एका पायलीवर. तिसऱ्या चहाला ते कंटाळले.

"जाऊ दे. तांदूळ नको तुहे. कोणी पुसलं कोणाच्या हातचा, तं माह्यं नाव सांगजो. जलमभर. बस."

मी लगेच हातावर हात मारला. फुकटात उस्ताद मिळाला म्हणून रस्ताभर हसत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावावर सेठने मला कामावर ठेवले.

त्या काळी सुटे भाग नागपूरहून यायचे, आणि येता येता महिना जायचा. गाडीच्या कमानीच्या टोकाला, खिळ्याभोवती बसणारी पितळी नळी म्हणजे बुश; ते झिजले की गाडी उभी. आमच्याकडे बैलगाडीचा आस धावड्याच्या लाकडाचा करतात. वर्षानुवर्षे घासूनही तो हटत नाही. मी धावड्याचे बुश कातले, तेलात मुरवले, बसवले. गाडी धावली. महिन्याभरात दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हर मागायला येऊ लागले. नाव काय पडले? 'बड्या मिस्त्रीचं बुश'!

कुणी विचारले की मी ठरल्याप्रमाणे नाव सांगायचो. आणि बाकावरून ते रंगवून सांगायचे, "पयल्या दिवशी यानं पाना उलटा धरला होता. मीच हात धरून शिकवलं." लोक हसायचे. मी दात आवळून गाडीखाली शिरायचो. पुढे पुढे तर, रडलो म्हणून मला त्यांनी जवळ घेतले होते, असेही निघाले.

मग रायपूरच्या एका मोठ्या मालकाचा माणूस आला. नव्या वर्कशॉपला मुख्य मिस्त्री हवा होता. बुश त्याने बोटांनी चाचपले.

"किसने बनाया?"

"मी."

"और सिखाया किसने?"

सौदा तो सौदा, मी नाव घेतले. तो उठून सरळ बाकाकडे गेला. ज्यांना बोल्टचा आटा दिसत नव्हता, ते मुख्य मिस्त्री झाले.

त्या दिवशी मी चहाच्या दुकानात फुटलो. "यांनी मला काही शिकवलं नाही! एक दिवस नाही! विचारा त्यांनाच!"

चहावाला म्हणाला, "लाज नाही वाटत बे? उस्तादाले मोठी नोकरी लागली, अन् जळून राहिला तू."

म्हाताऱ्याने मला बाजूला घेतले. "सौदा तूच केला ना बाबू?"

"एक पोतं देतो दरसाल. दोन देतो. पण खरं काय ते सांगा."

"आता तांदूळ पुरे झाले मले," म्हणाले, आणि रायपूरच्या गाडीत बसले.

दीड महिन्याने पोस्टकार्ड आले. कुणाकडून तरी लिहवून घेतलेले. खुशाली, आशीर्वाद, आणि तळाशी बारीक अक्षरात: धावडा तेलात किती दिवस ठेवतोस? इथले बुश फुटून राहिले.

मी उलट टपाली लिहिले, "तुम्हीच शिकवले ना? तुम्हीच आठवा."

आठ दिवसांनी रायपूरच्या बसच्या टपावरून माझ्या नावाचे तांदळाचे पोते उतरले. चांगला, जुना, सुवासिक तांदूळ. फुटक्या बुशाच्या गाडीत माणसे बसतात, म्हणून मी दिवस लिहून कळवले. पोतेही ठेवून घेतले. ते माझेच होते.

खांद्यावर घेऊन निघालो, तर चहावाल्याने डोळे पुसले.

"पाहा बे, एवढं बोलला तू त्याले, तरी पोतं धाडलं. उस्तादच होय ना तो तुहा?"

पोते जड होते. वाद घालायला ते खाली ठेवावे लागले असते.

"होय," म्हणालो.