इनास अंकल आणि वाचणारं मशीन

छापखान्यात दोन गोष्टी साचतात, रद्दी आणि किस्से. रद्दी न्यायला महिन्याला माणूस येतो तरी, किस्से न्यायला कोणी येत नाही. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या इनास अंकलचे आहेत!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माणिकपूरच्या एका छोट्या प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मी. अंकल जवळच्या सांडोर गावचे, तीस वर्षं त्या प्रेसमध्ये खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे. शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अंकल, मेपर्यंत बघू. मशीनला सगळं जमलं, तर तुम्ही आपली घरची केळी सांभाळा!" अंकल हसले, पण त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच परत नेला. मला फार वाईट वाटलं.

*

एका गुरुजींचा लेख आला. त्यात एका नावाखाली तीन रेघा होत्या, म्हणून मी ते नाव चांगलं ठळक आणि मोठं केलं. अंकलनी प्रूफ पाहिलं आणि म्हणाले, "बाय, गुरुजींना फोन लाव. हा माणूस शंका आली की रेघ मारतो. तीन रेघा म्हणजे नाव नक्की चुकलंय!"

फोनवर गुरुजी ओरडलेच, "अगं, ते तपासायचं राहिलं! तुला कोणी सांगितलं?"

*

साखरपुड्याच्या कार्डाचं हाताने काढलेलं डिझाईन स्कॅन केलं, तर कोपऱ्यात एक सुरेख गोल आला. मी तो आणखी उठावदार केला.

"बाय, हा चहाच्या कपाचा डाग आहे."

मी पुसायला घेतला तेवढ्यात गिऱ्हाईक हजर! "वा! अंगठी काय झकास काढलीय! राहू द्या, राहू द्या!"

अंकलनी कॉम्प्युटरला हात जोडले. "आज तू जिंकलास बाबा!"

*

मग एक इंजिनिअर आला डेमो द्यायला. कागद स्कॅनरमध्ये ठेवायचा, की त्यातली इंग्रजी अक्षरं आपोआप स्क्रीनवर टाईप! शेठ एकदम खूश. "बघा अंकल, मशीन वाचायला लागलं!"

अंकलनी कौतुकाने स्क्रीन न्याहाळली आणि विचारलं, "वाचलं ना? मग बातमी सुखाची की दुःखाची, ते विचारा त्याला."

इंजिनिअर हसला. "अंकल, ते नाही सांगत मशीन."

"मग नुसतं पाहिलंय. वाचायचं राहिलंय!"

मी कॉम्प्युटरची बाजू घेतली. "काही वर्षांनी तेही सांगेल, अंकल."

"सांगू दे की. मी ऐकायला येईन!"

*

मे महिन्यात राजोडीच्या रोजामावशी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मजकूर भाचीने लिहिलेला, मावशींना अक्षरओळख नाही. त्यांच्या ख्रिस्ती घरांत वारलेल्या माणसाच्या नावाआधी छोटा क्रूस छापतात, तसा मावशींच्या नवऱ्याच्या नावाआधी होता. खाली थोरल्या मुलाचं नाव होतं. तो बोटीवर गेला, त्याला पाच वर्षं झाली. बोटही आली नाही, तोही नाही. त्याच्या नावाआधी बोटभर जागा कोरी होती.

मी ती जागा मिटवून नाव इतरांच्या ओळीत आणलं. शेठ म्हणाले, "क्रूस राहिलाय, टाक." मी टाकला.

अंकल पहिल्यांदाच शेठसमोर उभे राहिले. "शेठ, क्रूस नको. आणि बाय, तू ती जागा मिटवूही नकोस. मावशीने मुद्दाम जेवढी ठेवलीय, तेवढीच ठेव."

शेठ म्हणाले, "अंकल, उगाच भोक पडल्यासारखं दिसेल! दोन्ही प्रूफं काढा. मावशी ठरवतील. आणि तुमच्या नोकरीचंही आजच ठरवून टाकू."

मावशींनी क्रूसवालं प्रूफ एकदा पाहिलं आणि टेबलावर पालथं घातलं. दुसऱ्यावर एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली आल्या. मुलाच्या नावाआधीच्या कोऱ्या जागेत बोट बरोबर बसलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

"कोनी ठेवली ही जागा?"

शेठनी अंकलकडे पाहिलं. मग उठले, खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी असलेलं अंकलचं स्टूल स्वतः उचलून आणलं आणि माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलं.

मावशी निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "एक कार्ड जास्त छापा. माझ्या पोराच्या नावाचं."