घारे डोळे

शेजारी कोणी चुलीत ओल्या पऱ्हाट्या घातल्या की त्या वासानं अजूनही माझी पाठ हुळहुळते. कपाशी वेचून झाल्यावर उरणाऱ्या या काड्या आमच्याकडे जळणही होत्या आणि बापाचं हत्यारही. आम्ही दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं, पण इज्जतीचा तोरा मोठा.

धाकट्या बहिणीची पाचवी होती. पूजेला भाऊबंद जमले होते. आत्यानं बाळाला दारापाशी उजेडात नेलं आणि ओरडली, "भाऊ, आपला घरमा कोनाच डोया घारा नहीत. हाई कोनी पोर शे?"

बापानं बाळंतिणीला केसांना धरून बाजेवरून ओढलं. एक पऱ्हाटी मोडली, तशी त्यानं दुसरी उचलली. आईच्या कपाळातलं रक्त पूजेच्या पाटावर ठिबकत होतं. कोणी पुढं आलं नाही. मी बापाच्या पायाला लटकले, तर मलाही बसल्या.

"मारी टाका," आई म्हणाली, "पन पोर तुमनीच शे."

कॉलेजात अनुवंश शिकताना कळलं, की घारा रंग काळ्या डोळ्यांच्या आईबापांतही पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो आणि दोघांकडून एकत्र आला की बाळात उमटतो. म्हणजे आईइतकाच तो बापानंही दिला होता. भर वर्गात माझ्या मुठी वळल्या.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती घेतल्यावर मी त्याच भाऊबंदांना, आत्यासकट, ओट्यावर बसवून हे समजावलं. बाप खाली मान घालून म्हणाला, "मी चुकनू." आईवरचा आळ मी चारचौघांत धुऊन काढला.