कोशातली कल्हई

आमचे बाबा भांड्यांना कल्हई करायचे. ते गेल्यावर लेकीच्या शाळेने त्यांच्या कामाबद्दल मुलांशी बोलायला मला बोलावलं. हो म्हणाले आणि मग घाबरले. बाबांना मी कधी काही विचारलंच नव्हतं.

ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "आधी कोश बघा," आणि जाडजूड खंड पुढ्यात ठेवला. 'कल्हई'ची नोंद जेमतेम अर्धं पान होती. तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मळ निघतो, तेव्हाच कथील धरतं. लिहिणाऱ्याने बाबांना पाहिलंही नसेल, तरी ओळीओळीत त्यांचे हात हलत होते. छातीवरचं दडपण उतरलं.

"सापडलं का?" बाईंनी विचारलं.

"हो. बाबा जन्मभर एवढा धूर का खायचे, ते आज कळलं."