बाबांच्या खोलीचा झरोका

हुडकेश्वरला घर बांधायला काढलं आणि माझ्या जिवाला चैन पडेना. उमरेडहून बाबांना आणायचं होतं. दम्यापायी त्यांचं विणकाम सुटलं होतं, आणि आणखी एक उन्हाळा गावच्या पत्र्याखाली त्यांना झेपला नसता. मी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला, तरी घरची वीज जायची ती जायचीच. म्हणून त्यांची खोली अशी हवी होती की थोड्या विजेत गार व्हावी आणि वीज गेली तरी गार राहावी.

नकाशा दहादा खोडला. ड्युटी संपली की थेट प्लॉटवर. बसलो की उठायचो, उठलो की मिस्त्रीच्या मागे लागायचो. पश्चिमेची भिंत दुहेरी केली, दारचा कडुनिंब तोडू दिला नाही. इथवर अक्कल शाबूत होती. मग मिस्त्री म्हणाला, कूलरच्या समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवू, दमट हवा बाहेर जायला. मी उखडलोच. गार हवा बाहेर सोडायला कूलर लावतात होय? गावी आमच्या हातमागाच्या खोलीत उन्हाळाभर सगळं बंद असायचं, जमिनीवर पाणी शिंपडलेलं. ओल टिकली की सूत तुटत नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. विणकराच्या पोराला हा काय शिकवणार! बायको झरोक्याच्या बाजूनं बोलली, तर तिलाही गप्प केलं.

मे महिन्यात बाबा आले. भर दुपारी मी मोठ्या ऐटीत दार-खिडकी लावून कूलर सुरू केला. तासाभरानं चहा घेऊन आत गेलो तर बाबा बाजेवर उठून बसलेले, तोंड उघडं, छाती भात्यासारखी चाललेली. भिंतींना घाम सुटला होता. त्यांना धरून कडुनिंबाखाली आणलं. तिथल्या गरम वाऱ्यात त्यांचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मागाची खोली बांधली का गा माझ्यासाठी?"

मी मान डोलावली. मला वाटलं, खूश होतील.

"तिथंच तर लागला मले दमा. सूत तुटू नये म्हणून सारी जिंदगी बंद खोलीत बसलो."

मला इतकी लाज वाटली की तिथं उभं राहवेना. मिस्त्रीला निरोपही धाडला नाही. सब्बल घेतली, स्टुलावर चढलो आणि छताखालची वीट पाडली. ऊन आत आलं. मागे वळून पाहिलं तर बाबा चौकट धरून उभे होते.

"आणखी एक काढ," ते म्हणाले.