ओट्यापाशी उतरणं

त्या संध्याकाळी ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली, खाटेवर बसले आणि मला विचारलं, "पोरं जागी हायत का?" आमची पोरं कधीच मोठी होऊन आपापल्या संसाराला लागलेली, घरात आम्ही दोघंच. मी हसून म्हटलं, "सारी निजली." "लई दमलो," म्हणाले आणि आडवे झाले... ते उठलेच नाहीत. सांत्वनाला येणारे मास्तरांच्या शिकवण्याबद्दल बोलतात. मला मात्र तो प्रश्न ऐकू येत राहतो.

प्रश्न निजामाच्या अमदानीतला. हैदराबादेत शिकताना ह्यांना सायकलीचं भारी वेड. लग्न ठरलं तशी माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती विकून टाकली. संसारी माणसानं उंडारू नये, असं त्यांचं मत. पुढे तीन लेकरं झाली आणि देगलूरच्या शाळेतून ह्यांचा तबादला पाच कोसांवरच्या खेड्यात झाला. बिऱ्हाड तिकडे न्यावं तर पोरांची शाळा बुडते, एकट्यानं राहावं तर पोरं दुरावतात. मग एका दोस्ताची जुनी सायकल घरी आली. इतक्या वर्षांनी बसले ते पहिल्याच दिवशी बाभळीत जाऊन पडले. मी काटे काढत होते आणि हे पोरासारखे हसत होते. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

पाच कोसांचं त्यांना तेवढं वाटत नसे. जीव जायचा तो गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी, आमच्या दारातून दिसेल-ऐकू येईल अशा कापडदुकानाच्या ओट्यावर मामंजी आणि त्यांच्या वयाची मंडळी बसायची. वडीलधाऱ्यांसमोरून सायकलवर बसून जाणं म्हणजे उद्धटपणाची हद्द! उतरलं की उभं राहणं आलं, उभं राहिलं की चौकशी आली, पाऊसपाणी आलं. पहाटे निघालेला माणूस दारात येऊन विचारायचा, "पोरं जागी हायत का?" आणि पोरं झोपलेली असायची. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ह्यांनी धाकटीला उचललं तर ती आजोबांकडे झेपावून रडू लागली, "आबा, ह्यो पाव्हना कवा जानार?" हे न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले... मला त्या ओट्याचा, मामंजींचा, साऱ्यांचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी घंटी ऐकून मी दारात आले. ओट्यावर मामंजी रस्त्याकडे पाठ करून बसलेले. शेजारच्यांना दटावत होते, "फिरा की वो भिंतीकडं."

"का वो? मास्तर आला वाटतं?"

"आला आसंल. आपल्याला कुठं दिसायलाय?"

सगळे म्हातारे मुकाट्यानं भिंत न्याहाळत बसले आणि हे थेट दारापर्यंत सायकलवर आले. धाकटी जागी होती. त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं, आणि हळूहळू ती ह्यांच्या मांडीवर जेवू लागली.

बापलेक त्याविषयी एकमेकांशी कधी बोलले नाहीत. पुढे मामंजी गेले, ओटा रिकामा झाला, आणि हे तिथे पुन्हा उतरू लागले. अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत. पोरं विचारायची, "दादा, आता कोन हाय तिथं?" "दमलो रे," एवढंच सांगायचे.

सायकल अजून भिंतीलाच टेकलेली आहे. माझंही आता अंग चालत नाही, ती हलवावीशीही वाटत नाही. दिवेलागणीला गल्लीत कुणाचीही घंटी वाजली की मी भिंतीकडे तोंड करून बसते... आता उतरू नका, सरळ घरी या.