शंभर टक्क्यांचं गाव

सत्कार म्हटला की माझं डोकं उठतं. आमच्या जिल्ह्यात तर सत्कार ज्याचा असतो त्याचा फोटो नखाएवढा आणि स्वागत करणाऱ्यांचे हातभर. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मांजरसुंब्याला गाडी चहासाठी थांबली, तर समोर माझाच फ्लेक्स. ‘बीडच्या लेकीने दिल्ली गाजवली’ म्हणे. मी दिल्लीत काहीही गाजवलेलं नाही. देशाच्या लसीकरणाचं खातं काही वर्षं सांभाळलं, फायली वाचल्या, भांडले आणि निवृत्त झाले. ड्रायव्हरला म्हटलं, चल, चहा राहू दे.

निघालो होतो वडवणीच्या पलीकडच्या एका गावाला. माझी पहिली नोकरी त्याच भागातली. सव्विसाव्या वर्षी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून आले आणि पुढची सगळी चढण तिथूनच सुरू झाली. आता त्या गावात एकही लेकरू लसीवाचून उरलेलं नाही, म्हणून गावाला प्रमाणपत्र मिळणार होतं आणि ते माझ्या हातून द्यायचं होतं. आमंत्रण आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी सुखावले होते.

मांडव शाळेपुढे घातला होता. पुढाऱ्यांना यायला उशीर होता, म्हणून मी गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन बसले आणि सिस्टरला म्हटलं, रजिस्टर दाखव. ही माझी जुनी खोड. तालुक्याचे आरोग्य अधिकारी म्हणाले, “मॅडम, आज कशाला? आज तुमी पाहुण्या.” मी हात पुढे केलेलाच ठेवला.

रजिस्टर सुरेख होतं. सुवाच्य अक्षर, प्रत्येक नावापुढे प्रत्येक लसीची तारीख. पण पानं फारच कमी. या गावात लेकरांचा असा दुष्काळ कधीच नव्हता.

“बाकीची कुठायत गं?”

“एवढीच हायत मॅडम. बाकीचे ऊसतोडीचे. त्यांची पानं दुमडतो ना आपण.”

ती ‘आपण’ म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

ही दुमडायची रीत माझी होती. दसरा झाला की इथलं निम्मं गाव ऊस तोडायला जातं. तोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं कोयत्याच्या मागे. तेव्हाची आमची सिस्टर पायी वस्त्या हिंडायची आणि दारोदारी कुलपं बघून पाय सुजवून परत यायची. मला तिची दया आली. मी सांगितलं, जी घरं गेली त्यांची पानं दुमडून ठेव, उघड्या पानांपुरतीच फिर. माणसं परतली की पान उघड. साधी, शहाणपणाची गोष्ट. पुण्याच्या साहेबांनी पाठ थोपटली, दिल्लीच्या पुस्तिकेत ती छापून आली, परदेशातल्या एका परिषदेत तर मी पडद्यावर दुमडलेल्या पानाचा फोटो दाखवून टाळ्या घेतल्या. पुढे खुर्ची मिळाल्यावर मीच नियम केला, की सर्वेक्षणाच्या दिवशी जे गावात असतील तेवढेच मोजायचे.

“परत आल्यावर उघडता ना?” मी विचारलं.

सिस्टरने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. “मॅडम, मार्चअखेरीला नवं रजिस्टर होतं. उघडी पानं तेवढी उतरवून घेतो. लोक येतात त्याच्या नंतर, वैशाखात. तवर जुनं रजिस्टर कपाटात गेलेलं असतंय.”

म्हणजे दुमडलेलं पान पुन्हा कधी उघडतच नव्हतं. नव्या रजिस्टरात नाव नाही, म्हणून सुईच्या यादीत नाव नाही, म्हणून बोलावणं नाही. वर्षानुवर्षं! आणि उरलेल्यांचे शंभर टक्के. मी संतापले. इतकी ओरडले, की मांडवातला माईक तपासणारा थांबला. निम्मं गाव वजा करून गाव पूर्ण करता, लाज वाटत नाही?

अधिकारी शांतपणे म्हणाले, “मॅडम, गैर काय केलं आमी? नियम तुमचाच हाय. आमी पाळला.”

आपलेच दात आपलेच ओठ, चावायचं कुणाला? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. माझ्याखालचा उंट कधी उठला ते मला कळलंच नव्हतं.

तेवढ्यात एक बाई ओसरीवर आली. पंचविशीचीही नसेल. कडेवर वर्षाच्या आतली पोर. मांडव रिकामा दिसू नये म्हणून तोडीला निघालेल्या बायकांनाच आणून बसवलं होतं, त्यांतलीच ही. ज्यांना मोजलं नाही, त्यांनाच टाळ्या वाजवायला बोलावलं होतं. माझा ओरडा ऐकून ती आत आली होती.

“बाई, तुमी दिल्लीच्या का?” ती म्हणाली. “हिला गोवराची सुई टोचा. आमची गाडी भरायलीय. जेवणं झाली की निघतो.”

सिस्टर हळूच म्हणाली, “हिचं नावच न्हाई मॅडम. ही उसाच्या फडावर जन्मली. आता नाव चढवलं तर आकडा...” पुढचं वाक्य तिने गिळलं. अधिकाऱ्यांनी मात्र गिळलं नाही. “कार्यक्रमानंतर चढवू. तासाभराचा तर प्रश्न हाय.”

“तासाभराने ती ट्रकमध्ये असेल,” मी म्हटलं. “लस काढ.”

सिस्टर डबा उघडायला गेली. मी बाईला विचारलं, गोवराचीच सुई का मागतेस? तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“थोरली त्यानंच गेली ना. गेल्या साली, फडावर. अडीच वर्साची हुती. अंगभर पुरळ, लई ताप. मुकादम म्हनला देवी हाय, लिंबाचा पाला ठिवा. आमी ठिवला. दवाखान्यात नेईस्तवर दम लागून गेली.” तिने टेबलावरच्या रजिस्टराकडे पाहिलं. “ती तर हितंच जन्मली हुती बाई, ह्याच दवाखान्यात. तिचं नाव लिवलं हुतं. बघा बरं, हाय का?”

बघू नये असं मला फार वाटलं. तरी मी कपाट उघडलं. जुनी रजिस्टरं सुतळीने बांधलेली होती. बाईने पोरीच्या वडिलांचं नाव सांगितलं, जन्माचा महिना श्रावण सांगितला. पान मधोमध दुमडलेलं होतं आणि घडी इतकी दाबून बसलेली, की उलगडताना कडेला फाटलं. मुलीचं नाव, वजन, जन्मल्यावर टोचलेली पहिली सुई, दीड महिन्याची, अडीच महिन्याची. पुढचे रकाने कोरे.

“हाय,” मी म्हणाले.

“नाव हुतं?” तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. “मंग तिला गोवराची कावून न्हाई टोचली?”

बाहेर माईकवर माझं नाव पुकारलं जात होतं, पदव्यांसकट. अधिकारी दाराकडे पाहत होते. सिस्टर पाठमोरी सुई भरत होती. तिच्यावर ढकलता आलं असतं, नियमावर ढकलता आलं असतं. खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ढकलायच्या शंभर जागा ठाऊक असतात.

“हे पान दुमडायला मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “मी. तुम्ही तोडीला जाता म्हणून.”

 ती शिवी देईल, रडेल, काहीतरी करेल म्हणून मी उभी होते. तिने पोरीच्या अंगातलं झबलं खांद्यावरून खाली ओढलं आणि तिचा दंड माझ्यापुढे केला.

“मंग हिला तुमीच टोचा,” ती म्हणाली.